दहा वर्षांचा आराखडा, तीन वर्षांचा पैसा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण साध्य आणि साधन या जोडीबद्दल बोललो. आज ही जोडी एका अगदी व्यवहारातल्या कागदाला लावून बघू. आरोग्य आणि तरुण या क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्था दहा-दहा वर्षांचे आराखडे तयार करतात. आम्ही असे बरेच वाचले. व्हिजन, मिशन, उद्दिष्टं, तक्ते, सगळं नीटनेटकं असतं. तरीही वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ते काय, हा आजचा प्रश्न.

ॲरिस्टॉटल म्हणतो, विचारविनिमय साधनांचा होतो, साध्याचा नाही. रोग्याला बरं करायचं की नाही यावर वैद्य खल करत नाही, कसं करायचं यावर करतो. आपले आराखडे नेमके या वैद्यासारखे बोलतात. साध्य ठरलेलंच आहे, आता फक्त कार्यक्रम आखा! पण बघा, गावाचं आरोग्य म्हणजे काय, हे खरंच आधी ठरलेलं असतं का?

गडचिरोलीचं उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' सुरू केली. त्या काळात सरकारी भाषेत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. राणीताईंनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं. १९८९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे जे दुखणं कुठल्याच आराखड्यात नव्हतं, ते घरोघर होतं. दवाखान्याचंही तसंच. आदिवासींना विचारलं तर त्यांना मोठ्या इमारतीची भीती वाटायची. म्हणून झोपड्यांसारखं, नातेवाइकांना सोबत राहता येईल असं रुग्णालय झालं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. इथे साध्य आधी ठरलेलं नव्हतं, ते लोकांकडून ऐकून सापडलं.

आता काळाचा हिशेब मांडू. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा सर्चचा प्रयोग १९९३ मध्ये सुरू झाला. पहिली दोन वर्षं फक्त मोजमाप. ३९ गावांत प्रयोग आणि तुलनेसाठी ४७ गावं. निष्कर्ष १९९९ साली छापून आले आणि केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचं ठरवलं ते २०११ मध्ये. झाली की नाही अठरा वर्षं!

याच्या शेजारी आजचा पैसा ठेवा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. चांगलं झालं. पण चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यातली दोन वर्षं नुसती मोजण्यात घालवू, असं कोणती संस्था लिहून देईल? मग दहा वर्षांचा आराखडा नावापुरता उरतो. आत तीन-तीन वर्षांचे तुकडे टाके घालून जोडलेले असतात.

कुणी म्हणेल, प्रत्येक संस्थेत बंग दांपत्य नसतं, आणि देणगीदाराने हिशेब मागू नये की काय? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. हिशेब मागायलाच हवा. पण 'किती जणांपर्यंत पोचलात' याबरोबर 'तुम्हाला आधी माहीत नव्हतं असं काय कळलं' हेही विचारायला हवं. हा दुसरा प्रश्न लहान संस्थेलाही झेपतो. त्याला परदेशी पदवी लागत नाही.

तरुणांच्या बाबतीत तर आमची तक्रार आणखी तीव्र आहे. आराखड्यात तरुण दोनदा भेटतो: एकदा लाभार्थ्यांच्या आकड्यात आणि एकदा फॉर्म भरणारा स्वयंसेवक म्हणून. निर्णयाच्या बैठकीत मात्र त्याला खुर्ची नसते. माणसाला केवळ साधन मानू नका, हे कांटने सांगून दोनशेहून अधिक वर्षं झाली. आपण त्याला साधन करतो आणि त्यालाच 'युवा सक्षमीकरण' म्हणतो! सर्चनेही तरुणांसाठी 'निर्माण' सुरू केलं ते २००६ मध्ये, स्थापनेनंतर वीस वर्षांनी. तिथे तरुणाला विचारला जाणारा प्रश्न त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या हेतूचा आहे, हे मोलाचं. पण बाकीच्यांनी वीस वर्षं थांबू नये. संस्थापक थकल्यावर वारस शोधणं याला नियोजन म्हणत नाहीत, ती धावपळ असते.

तेव्हा आराखडा लिहिणाऱ्यांना आमचं एकच सांगणं. पहिलं वर्ष ऐकण्यासाठी आहे, असं स्पष्ट लिहा आणि त्याचा खर्चही मांडा. ऐकून साध्य बदललं तर कागद बदलायची तयारी ठेवा. आणि तो बदलायला बसाल तेव्हा गावातली वीस-बावीस वर्षांची दोन मुलं-मुली टेबलाशी असू द्या. दहाव्या वर्षी त्या गावात तीच असणार आहेत, तुम्ही-आम्ही नाही.

थांबूया इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.