चाल शेजारची, बंदिश कुणाची?

गेल्या श्रावणात बेळगावच्या शहापूर भागात एका घरच्या बैठकीला गेलो होतो. माडीवर सतरंज्या, चाळीसएक माणसं, आणि खालच्या गल्लीतले यंत्रमाग मालकानं तेवढ्या संध्याकाळपुरते थांबवलेले. एका तरुण गायकानं मालवती राग मांडला. सूर नेमका, लय हातात. तीन-चार स्वरांचा छोटा तुकडा, मग श्वास, मग एकदम तार षड्जावर झेप आणि तिथून पाय न वाजवता समेवर. शेजारचे निवृत्त मास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "अगदी कुमार हो!" त्यांनी शाबासकी दिली होती. मला ती तक्रार वाटली.

चहाच्या वेळी त्या मुलाला विचारलं, "तुमची स्वतःची एखादी बंदिश?" त्यानं कानाची पाळी धरली. "सर, अजून तेवढी योग्यता कुठली माझी?" हे उत्तर आपल्याकडे इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्या विनयाचाच संशय येतो. तास-दीड तास राग मांडायची योग्यता आहे, त्यात क्षणोक्षणी नवी जागा सुचते, आणि सोळा मात्रांचा एक मुखडा बांधायची मात्र छाती होत नाही. सीमाभागातल्या आजच्या शास्त्रोक्त संगीताचं दुखणं मला इथंच दिसतं. गाणारे आहेत, चांगले आहेत. रचणारे कुठं आहेत?

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या मुलखात इतका टोचला नसता. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, 8 एप्रिल 1924 रोजी जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. आमच्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे, जयंतीला हार असतो. पण ज्या कामामुळे ते आधुनिक रचनाकार ठरले, ते काम घडलं माळव्यात. 1948 साली ते देवासला गेले. क्षयानं अंथरुणाला खिळलेले असताना गाणं बंद होतं, कान तेवढे उघडे होते. आजूबाजूच्या बायाबापड्यांची गाणी त्यांनी ऐकली, नुसती गोळा केली नाहीत. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत रागाचं बीज असतं, हे त्यांनी हेरलं आणि त्यातून मालवती, संजारी, निंदियारी, अहिमोहिनी, मघवा असे धुनउगम राग उभे केले. 1965 साली 'अनूपरागविलास' छापून आलं, तेव्हा दोन रागांची सांधेजोड न करताही नवा राग होऊ शकतो, याचा लेखी पुरावा मिळाला.

आजारानंतर त्यांचा श्वास आखूड झाला आणि त्यातून त्यांच्या गाण्याची तुटक, चमकती वाक्यं आली. आमची धडधाकट फुप्फुसांची मुलं आज त्या आखूड श्वासाची नक्कल करतात. घ्यायला हवा होता तो त्यांचा कान.

इथं एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. मराठीत आपण चाल 'लावतो' आणि बंदिश 'बांधतो'. चाल शब्दांना अंगरखा म्हणून चढवली जाते. एकदा शिवला की अंगरखा तसाच राहतो, गाणाऱ्यानं फार तर बाह्या वर कराव्यात. बंदिश म्हणजे घराचा चौक. भिंती बांधलेल्या, पण मध्ये मोकळं अंगण ठेवलेलं, जिथं गाणाऱ्यानं रोज नवी रांगोळी काढायची. म्हणून उत्तम चाल लावणारा उत्तम बंदिश बांधेलच असं नाही.

शेजारच्या चाली उचलायची परंपरा तर आमच्याच मातीतली. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली गुर्लहोसूरला जन्मले, ते आजच्या बेळगाव जिल्ह्यातलंच गाव. बेळगावात त्यांनी मास्तरकी केली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' उभं राहिलं आणि 1882 साली 'सौभद्र'. त्या पदांत साकी, दिंडी, लावणी आहे, हिंदुस्थानी राग आहेत आणि कानडी चालीही आहेत. किर्लोस्करांच्या कानात दोन्ही भाषा नांदत होत्या, कोणती आपली आणि कोणती परकी असा प्रश्न त्यांना पडला नाही. मात्र त्यांनी घेतलं ते चाल म्हणून. चालीच्या पोटात राग शोधायचं काम पुढं सुळेभावीच्या माणसानं केलं, तेही इथून शेकडो मैलांवर जाऊन. गुर्लहोसूर आणि सुळेभावी यांच्यामधला तो धागा आम्ही इथं कधी जोडून पाहिला नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

बंदिशीची खरी परीक्षा मुखड्यात. तीनतालात बहुतेक छोटे खयाल नवव्या मात्रेला, 'खाली'वर उचलतात. आठ मात्रांची धाव घेतली की सम आली. ही वाट इतकी मळलेली आहे की ऐकणाऱ्याची मान सम यायच्या आधीच हलायला लागते. तोच मुखडा अकराव्या किंवा बाराव्या मात्रेला उचलून बघा. शब्द तेच ठेवले तरी अक्षरं दाटीनं बसतात, समेवर येणाऱ्या स्वराला वेगळंच वजन येतं, आणि आलापानंतर मुखडा पकडायला गाणाऱ्याला वेगळी उडी मारावी लागते. म्हणजे रचनाकारानं दोन-तीन मात्रा सरकवल्या आणि पुढच्या अर्ध्या तासाच्या गाण्याचा स्वभाव बदलला. कुमारांच्या अनेक बंदिशींत हे आडवळणाचं उचलणं आहे. तिथं ते चमत्कृती म्हणून येत नाही, धुनेच्या मूळ बोलण्याची ओढ तशी असते म्हणून येतं. आमच्याकडच्या मोजक्या नव्या बंदिशी पाहाव्यात तर दहांतल्या आठ नवव्या मात्रेवरच उभ्या. राग नवा, शब्द नवे, चौकट आजोबांची.

निपाणीकडचं चित्र थोडं निराळं. निपाणी कोल्हापूरला चिकटून, चाळीसएक किलोमीटरवर. तंबाखूच्या वखारी निपाणीत, पण गाण्याचा कान कोल्हापूरकडं लागलेला. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, पुढं भूर्जी खाँ होते. त्यांच्या परंपरेनं रचनेचं जे तंत्र रुजवलं ते जोडरागांचं आणि अनवट रागांचं. दोन राग शेजारी ठेवायचे नाहीत, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात घालायचा, आणि तरी चालताना अडखळायचं नाही. याच कोल्हापुरात बराच काळ राहिलेल्या जगन्नाथबुवा पुरोहितांनी, 'गुणिदासां'नी, जोगकंस बांधला. पूर्वांगात जोगाचे दोन गंधार, उत्तरांगात चंद्रकंसाचे कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. ऐकताना सांधा कुठं आहे ते सापडत नाही, आणि जोडरागाची कसोटी तीच. पुढं दर तिसरा उत्साही गायक दोन राग घेऊन बसला. तसल्या बहुतेक रचनांत सांधा इतका ठळक असतो की फेव्हिकॉलचा वास यावा.

तिसरी वाट बैलहोंगलची. तिथं 1925 साली जन्मलेले के. जी. गिंडे लहानपणीच लखनौला श्रीकृष्ण रातंजनकरांकडं गेले आणि भातखंडे परंपरेचे मोठे वाहक झाले. 'सुजन' मुद्रेनं लिहिणाऱ्या रातंजनकरांच्या रचनेचं सूत्र असं की बंदिशीत रागाचं संपूर्ण व्याकरण यावं: स्थायीत चलन, अंतऱ्यात उत्तरांग, कुठं थांबायचं आणि कुठं नुसता स्पर्श करायचा, सगळं. अशी बंदिश नीट पाठ झाली की राग हाती लागतो. या पद्धतीला कोरडी म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. गिंड्यांचं शिकवणं ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे की व्याकरणातही रस असतो. अडचण एवढीच की या वाटेवर कारागिरी शिकता येते, कच्चा माल मात्र स्वतः शोधावा लागतो.

आणि आजचा क्लास या तिन्ही वाटांपासून दूर आहे. आमच्याकडची मुलं दुहेरी परीक्षा देतात. कुणी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, कुणी कर्नाटकाची ज्युनियर-सीनियर, काही जण दोन्ही. एका रागाला एक छोटा खयाल, वहीत नोटेशन, आठ आलाप, आठ ताना. बंदिश म्हणजे मार्कांचं एकक. त्यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पालकांना सर्टिफिकेट हवं आणि सरांना महिन्याचं घरभाडं भरायचंय. पण ज्या मुलानं पंधरा वर्षं बंदिश वहीतूनच घेतली, त्याला ती कुणीतरी कधीतरी बांधली होती हे तरी कसं जाणवावं?

दुसरी गोष्ट पेटीची. बेळगावला पेटीची थोर परंपरा आहे. कागवाडला 1917 साली जन्मलेले रामभाऊ विजापुरे जवळजवळ शतकभर जगले आणि त्यांनी पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या. त्यांच्या हाताखाली पेटी गात असे. प्रश्न पेटी वाजवणाऱ्यांचा नाही, पेटीवर रचणाऱ्यांचा आहे. बोटाखाली पट्ट्या असल्या की सुचणारी ओळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. दोन पट्ट्यांच्या मधली जागा सुचतच नाही, कारण ती तिथं नसते. अलीकडच्या कित्येक रचना ऐकताना मला डोळे मिटून पट्ट्या दिसतात.

भाषेचंही असंच. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि बंदिश मात्र ब्रजातच. त्यातही पिया, सैंया, ननदिया यांचीच वर्दळ. ब्रजाला माझा विरोध नाही, तिची नरम व्यंजनं लयीत छान मुरतात. पण रचनेत मुद्रा म्हणून नाव घालायची रीत तर आमच्या दोन्ही भाषांना जुनी. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव येतो, पुरंदरदासांच्या पदात पुरंदरविठ्ठल, आमच्या अभंगात तुका. त्याच रांगेत गुणिदास आणि सुजन. कुमारांनी माळवी शब्द खयालात आणले आणि खयाल बुडाला नाही. मराठी किंवा कानडी खयाल मात्र आमच्याकडं कुणी मनावर घेत नाही. मराठी म्हटलं की नाट्यपद आणि अभंग, कानडी म्हटलं की वचन आणि दासरपद. खयालाच्या दारात दोघींनी चपला काढून बाहेर बसायचं!

कच्चा माल म्हणाल तर त्याच्या राशी पडल्यात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर जोगत्यांचं चौंडकं ऐका. काखेत धरलेलं ते वाद्य, तार ताणली-सैल केली की स्वर वाकतो, आणि वरून तीन-चार स्वरांतलं गाणं त्याच वाकणाला धरून चालतं. ही मींड कुठल्या अभ्यासक्रमात नाही. गोकाककडच्या श्रीकृष्ण पारिजातातली पदं ऐका, त्यांत राग ओळखू येतो आणि तरी तो आपल्या पुस्तकातला नसतो. आमच्या लहानपणी रेडिओवर धारवाड आणि सांगली ही दोन्ही केंद्रं लागत. एकाच सकाळी वचन आणि भूपाळी ऐकून आम्ही शाळेला जात होतो. एवढा ऐवज कानात असलेला माणूस रचनाकार म्हणून गप्प बसतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. सीमेचा वाद हे एक कारण असावं. इथं चालही कुणाची हे आधी विचारलं जातं, आणि कानडी धुनेवर मराठी माणसानं बंदिश बांधली तर दोन्हीकडून भुवया उंचावतात. किर्लोस्करांना हे सोपं होतं. 1880 मध्ये मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि 1956 ची राज्यपुनर्रचना अजून व्हायची होती.

गेल्या हिवाळ्यात निपाणीत एका लहानशा क्लासमध्ये बसलो होतो. बाईंनी दहावीतल्या एका मुलीला आजीची जात्यावरची ओवी म्हणायला लावली. मुलगी लाजली, मग म्हणाली. दुसरी मुलगी पेटीवर स्वर शोधत होती, वहीत लिहीत होती. षड्ज सापडला, गंधार सापडला. मधला ऋषभ काही सापडेना. कोमल वाजवला तर खाली पडे, शुद्ध वाजवला तर वर जाई. दोन-तीनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "बाई, हिचा रे चुकतोय."

बाईंनी भाता दाबून पेटी मिटवली. "रे बरोबर आहे तिचा," त्या म्हणाल्या. "ती वही ठेव बाजूला. गं, तू परत म्हण."