चुंबकाला न जुमानणारा चिमटा

मेंदूच्या शस्त्रक्रियेतला बेयोनेट फोर्सेप्स आधी बाजूने पाहावा. पकडीजवळ सरळ चाललेले त्याचे दोन पाय मध्येच एक पायरी उतरतात आणि पहिल्या रेषेला समांतर राहून पुढे जातात. सर्जन सूक्ष्मदर्शकातून खोल, अरुंद वाटेने पाहत असतो. त्याचा स्वतःचाच हात नजरेच्या आड येऊ नये, म्हणून ही पायरी. कामातून इतका थेट उमटलेला आकार फार थोड्या वस्तूंना लाभतो. पण मी ज्या फोर्सेप्सवर लोभावलो आहे, त्याचे सौंदर्य आकाराहून अधिक धातूत आहे. तो टायटॅनियमचा आहे आणि एमआरआयचा चुंबक त्याला ओढून नेऊ शकत नाही.

हा गुण केवढा, ते त्या चुंबकाची ताकद कळल्यावरच उमगते. रुग्णालयातले यंत्र सहसा १.५ किंवा ३ टेस्लाचे असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. शिवाय ते दिव्यासारखे मालवता येत नाही. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडालेल्या वेटोळ्यांतून वीज अखंड फिरत राहते, मग तपासणी चालू असो वा नसो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा एक नातेवाईक सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला.

अशा यंत्राशेजारी शस्त्रक्रिया करायचीच कशाला? कारण कवटी उघडली, आतला द्रव वाहून गेला की मेंदू आपली जागा किंचित सोडतो आणि आदल्या दिवशीचे चित्र खोटे ठरू लागते. गाठ कुठे संपली आणि निरोगी मेंदू कुठे सुरू झाला, हे नुसत्या डोळ्यांना अनेकदा कळत नाही. १९९४ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात फेरेन्त्स योलेस आणि सहकाऱ्यांनी ०.५ टेस्लाचे असे यंत्र वापरात आणले, की ज्याच्या दोन चुंबककड्यांमधल्या मोकळ्या जागेत उभे राहून सर्जनला काम करता येई. त्या जागेत पोलादी कात्री नेणे शक्यच नव्हते. पुढे कॅनडातल्या कॅलगरीत गार्नेट सदरलँड यांच्या चमूने छताच्या रुळांवरून चुंबकच रुग्णापाशी आणला.

पोलादी कात्रीची अडचण तिच्या गुणातच आहे. पोलाद तापवून त्याला पाणी पाजले, की आत मार्टेन्साइट नावाची रचना तयार होते. धार टिकते ती तिच्यामुळे, आणि चुंबक ओढतो तोही तिच्यामुळेच. एकाच मुळातून फुटलेल्या या दोन फांद्या आहेत. एक ठेवून दुसरी छाटता येत नाही. टायटॅनियमला ती ओढ नाही, पण तशी धारही नाही. त्याचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा, म्हणून पोलादी नमुन्याची हुबेहूब नक्कल केली तर पाय लवचीक होतात आणि टोके घसरतात. कारागिराला जाडी आणि निमुळतेपणा नव्याने बसवावा लागतो. या धातूचे वजन मात्र पोलादाच्या साधारण ५६ टक्के. तासन्‌तास फोर्सेप्स धरणाऱ्या बोटांना याचे मोल विचारावे. त्या बोटांसाठी केलेली ही पुनर्रचना मला मूळ आकाराहूनही मोठी वाटते.

या फोर्सेप्सच्या निळसर रंगात रंगद्रव्याचा कणही नसतो. विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर जाड केला, की परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून हा रंग दिसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग याच जातीचे. सूक्ष्मदर्शकाच्या झगझगीत प्रकाशात ही निळाई डोळ्यांवर कमी चमकते आणि पोलादी हत्याराहून वेगळी ओळखू येते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडणारे इल्मेनाइट हे याच धातूचे खनिज. त्यात टायटॅनियम लोखंडाच्या सोबतीने असते, आणि त्या लोखंडामुळेच इल्मेनाइट वाळूतून चुंबकाने वेगळे काढता येते. लोखंड सुटले की ही चुंबकओढही सुटते.

तरी एमआरआयजवळ निर्धोक असल्याची खूण, म्हणजे हिरवा चौकोन, या हत्यारांवर नसतो. तो मिळतो फक्त वीज न वाहणाऱ्या, अधातू वस्तूंना. टायटॅनियमच्या वाट्याला पिवळा त्रिकोण येतो, म्हणजे ठरावीक अटींवरच परवानगी. कारण ते वीज वाहते, यंत्राच्या रेडिओलहरींनी तापू शकते, आणि पोलादाइतकी नसली तरी चित्रात आपल्याभोवती थोडी विकृती उमटवतेच. म्हणून चित्र घेण्याआधी फोर्सेप्सही ट्रेमध्ये परत जातो आणि सिस्टर एकूण एक वस्तूची मोजदाद करतात. त्यांचे सर्वाधिक लक्ष सुयांवर असते, कारण टाके घालायच्या सुया सहसा पोलादाच्याच असतात.