राम जोशी आणि न दाखवलेली वही

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका मुलीनं आम्हाला विचारलं, "सर, माझी स्वतःची शैली अजून तयार व्हायचीय. ती झाली की मग कविता लोकांना दाखवीन. किती वर्षं लागतात हो?" आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाकडे नीट बघू. त्यासाठी लांब जायचं कारण नाही. आपण जुळे सोलापूरची मंडळी जुन्या गावात फक्त बाजारहाटाला जातो, पण त्याच गावात अठराव्या शतकात राम जोशी होऊन गेले.

त्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. वैदिक ब्राह्मणाचं घर, थोरला भाऊ मुद्गल जोशी कीर्तन-पुराण सांगणारा, आणि धाकटा तमाशाच्या फडात रमलेला. भावानं घराबाहेर काढलं, मग राम जोशी पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, अशी परंपरा सांगते. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांच्या १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटानं ही कथा घरोघरी नेली. त्यातलं बंड आपल्याला फार आवडतं. आम्हाला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. एवढं शास्त्र शिकून हा माणूस लावणी सोडून बसला नाही. शिकलेलं सगळं घेऊन तो पुन्हा डफ-तुणतुण्यापुढं उभा राहिला.

तिथं काय झालं असेल, बघा. पंडित श्लोक पुन्हा वाचू शकतो, अडला तर टीका उघडतो. फडात ती सोय नाही. ओळ कानावरून गेली की गेली. त्यामुळं लांबलचक संस्कृत समास लावणीत आणायचा तर तो डफाच्या ठेक्यावर तुटला पाहिजे, आणि यमक अर्थाच्या आधी कानाला कळलं पाहिजे. राम जोशींची म्हणून जी शैली आपण ओळखतो, ती इथं घडली. ती आधी घरात तयार करून मग बाहेर आणलेली नव्हे.

मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदी अशा चार भाषांत त्यांनी एक लावणी रचली. काही अभ्यासक तिला नुसती चमत्कृती म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आजही आसरा चौकात भाजी घ्यायला उभं राहिलात तर दहा मिनिटांत मराठी, कानडी, तेलुगू, दखनी सगळं कानावर पडतं की! ज्या गावाचा श्रोताच असा, तिथं चार भाषांची लावणी ही करामत कमी आणि ओळख जास्त.

पण भक्तिभावानंही बोलायला नको. त्यांच्या काही शृंगारिक लावण्यांत अनुप्रासांची एवढी दाटी होते की ती बाई दिसेनाशी होते, नुसते दागिने खुळखुळतात. तिथं पंडित शाहिराच्या डोक्यावर बसलाय. उलट ढोंगी धर्माचरणावर ते तुटून पडतात तेव्हा भाषा एकदम सडसडीत होते. आमच्या मते त्यांचं खरं बळ तिथं आहे.

आता थोडं आमच्या विषयातलं. विट्गेन्श्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक उदाहरण आहे. एक माणूस स्वतःलाच जाणवणाऱ्या एका संवेदनेसाठी रोजनिशीत एक खूण करतो. ती खूण बरोबर झाली की चुकली, हे ठरवायला त्याच्यापाशी काहीच साधन नाही. त्याला जे बरोबर वाटेल तेच बरोबर. आम्हाला वाटतं, कुणालाच न दाखवलेल्या वहीचंही तसंच आहे. तिच्यात चूकच होऊ शकत नाही, मग शैली कशी होणार?

हे आम्ही अनुभवानं सांगतो. नोकरीभर आम्ही एक कवितांची वही कपाटात ठेवली. निवृत्तीनंतर ती मित्रांच्या बैठकीत वाचली. गिरणीतून निवृत्त झालेला एक मित्र शांतपणे म्हणाला, "सर, हे तुम्ही लिहिलंय का कुठं वाचलंय?" रात्रभर राग आला. सकाळी वही उघडली तर त्याचं खरं होतं. हे तीस वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर काही करता आलं असतं. आता पंचाहत्तरीला काय करणार?

तुम्ही म्हणाल, श्रोता बिघडवतोसुद्धा. बिघडवतो! टाळ्या मोजून लिहिणारे सगळ्या गावांत आहेत. राम जोशींना त्यातून वाचवलं ते दुसऱ्या श्रोत्यानं. बारामतीचे मोरोपंत हे आर्यांचे कवी, फडापासून शंभर कोस दूर. त्यांचा आणि राम जोशींचा स्नेह जमला. पुढं राम जोशी कीर्तनकार झाले, मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागले, आणि पंडितांच्या आर्या साध्या माणसांच्या कानी गेल्या. एकीकडं फड, दुसरीकडं मोरोपंत. ज्यांचं एकमेकांशी पटणं कठीण अशा दोन कानांपुढं हा माणूस उभा राहिला. म्हणून आम्ही त्या मुलीला सांगू की कविता फक्त मैत्रिणींना दाखवू नकोस आणि फक्त आमच्यासारख्या प्राध्यापकांनाही दाखवू नकोस.

ती आज आलेली आहे, तिसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पिशवीत वही दिसतेय. चहा यायला अजून वेळ आहे. माइक जरा तिकडं द्या.