उंटांवरील शिपाई आणि कोरा कागद

एकोणिसाव्या शतकांतील कंपनी शैलीच्या जलरंगचित्रांत उंटांवर स्वार झालेले शिपाई हा विषय आढळतो. चित्रकार एतद्देशीय, गिऱ्हाईक बहुधा इंग्रज अधिकारी. दाट, अपारदर्शक रंगांची जुनी संवय बाजूस ठेवून ह्या चित्रकारांनीं विलायती कागदावर पातळ रंगांचे हात देण्याची विद्या आत्मसात् केली. उंटाच्या मानेचा बांक, खोगिराचे पट्टे, शिपायाच्या कमरबंदाची घडी, सर्व कसें रेखीव! ह्या हस्तकौशल्यास आमचें मनःपूर्वक वंदन असो.

परंतु आमची तक्रार निराळी आहे. अशा चित्रांत शिपायांमागें बहुधा कागद कोरा असतो आणि पायांखालीं मातीची एक पट्टी. हे स्वार निघाले कोठें, आणि कोणावर?

येरवड्यास नदीकांठीं उभें राहिलें कीं हें उणें विशेष जाणवतें. नोव्हेंबर १८१७ मध्यें जनरल स्मिथची फौज येथील उतारानें पार झाली, बाजीरावानें पुणें सोडलें आणि १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलें. पाणी, चिखल, पैलतीरींचें धास्तावलेलें शहर, ह्यांवांचून स्वारीला अर्थ काय?

उंट आम्हांस परका नव्हता. सांडणीस्वार दूरदूरच्या बातम्या आणीत. १७६१ मध्यें पानिपतावर अबदालीच्या उंटांवरील जंबुऱ्यांचा मारा मराठ्यांनीं सोसला. पुढें २२ मे १८५८ रोजीं काल्पीजवळ, पेशव्यांच्या घराण्यांतील रावसाहेब व राणी लक्ष्मीबाई ह्यांच्या फौजेनें ह्यू रोजची एक बाजू मागें रेटली असतां, ती सांवरली इंग्रजांच्या उंटस्वार पथकानेंच. उंटाचें सामर्थ्य असें नेमक्या वेळीं पोहोंचण्यांत असतें. चित्रांतील उंट मात्र कोठेंच पोहोंचत नाहीं.

ह्याचा दोष चित्रकारास देणें अन्यायाचें होईल. गिऱ्हाइकास पोशाखाचा नमुना हवा होता, आणि तो त्यानें इमानें दिला. चूक होते ती पाहणाराची. ह्या चित्रांस इतिहासाचा आरसा समजून तीं जेव्हां आम्ही कौतुकानें भिंतीवर टांगतों, तेव्हां परक्या गिऱ्हाइकाची दृष्टीहि नकळत घरांत घेतों. पोशाखाची साक्ष ह्या चित्रांकडून अवश्य घ्यावी; रणाची साक्ष मात्र बखरींस, पत्रांस आणि नदीच्या उतारास विचारावी. तो कोरा भाग भरणें हें आतां आमचेंच काम आहे.