वांग्याचें निकालपत्र

थंडीच्या दिवसांत जळगांव-धुळ्याकडील मळ्यांतून भरितासाठीं वांगीं भाजूं लागतात. मोठें, हिरवट-पांढरें वांगें आणि त्याखालीं वाळलेल्या पऱ्हाटीचा जाळ! ह्या जाळाची एक गोष्ट आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. बीटी कपाशीस २००२ सालीं सरकारी परवानगी मिळाली, आणि आज खानदेशांतील बहुतेक पऱ्हाटी तिचीच असते. म्हणजे खालचा जाळ जनुक-परिवर्तित पिकाचा. वरचें वांगें मात्र तसें नाहीं, व कायद्यानें तसें असूंही शकत नाहीं. हा भेद ज्या लेखानें कायम केला, त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं ९ फेब्रुवारी २०१० रोजीं बीटी वांग्यासंबंधीं दिलेला निर्णय, हा तो लेख.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. जालन्याच्या महिको कंपनीनें मातींतील एका जंतूचें जनुक वांग्यांत आणलें. त्यामुळें तयार होणारें प्रथिन शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीच्या पोटांत गेलें कीं तिचें आंतडें निकामी होतें. माणसाच्या आंतड्यांत ह्या प्रथिनास पकड घेण्याजोगी जागाच नसते. १४ ऑक्टोबर २००९ रोजीं केंद्रीय समितीनें संमति दिली; मंत्र्यांनीं नागपुरासह सात शहरांत लोकांचें म्हणणें ऐकलें आणि अखेर स्थगिती दिली. ती आजवर उठलेली नाहीं.

ह्या निर्णयाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. त्याची भाषा प्रांजळ आहे. शास्त्रज्ञांतील मतभेद त्यानें झांकून ठेवले नाहींत. वांगें हें आपल्याच भूमीचें पीक आहे, त्याच्या नाना स्थानिक जाती संकरापासून राखल्या पाहिजेत, ही त्यांतील चिंता रास्तच आहे. २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलें जळगांवचें भरिताचें वांगें ज्यानें चाखलें, त्याला ती पटवून द्यावी लागत नाहीं.

दोष आहे तो समारोपांत. स्वतंत्र अभ्यासानें लोकांचें व तज्ज्ञांचें समाधान होईपर्यंत परवानगी नाहीं, अशी अट तेथें घातली आहे. परंतु अटीला मुदत नाहीं, आणि समाधानाला माप नाहीं. न्यायाधीशानें खटला अवश्य तहकूब करावा. पण पुढची तारीख न नेमतां तहकूब केलेला खटला, तो फेटाळल्यासारखाच नव्हे काय?

मध्यंतरीं साक्षीदार येऊन उभे राहिले आहेत. बांगलादेशानें २०१३ सालीं हेंच वांगें मंजूर केलें. तेथील शेतांतून कीटकनाशकांचा वापर कमी झाल्याचें पाहणींत आढळलें. दुसरी साक्ष उलट बाजूची, आणि ती आपल्या घरची आहे. शेंदरी बोंडअळीनें बीटी कपाशीचें विष पचविलें, आणि २०१७ सालीं महाराष्ट्राच्या कापसाची मोठी नासाडी केली. म्हणजे हें बियाणें विषारी नाहीं, तसेंच तें अक्षय वरदानही नाहीं. भोंवतालीं साध्या कपाशीच्या ओळी राखण्याचा नियम आम्हीं पाळला नाहीं, त्याचेंही तें फळ आहे.

शिवाय, ज्या ताटाच्या रक्षणासाठीं ही स्थगिती, त्या ताटांत सरकीचें तेल पूर्वींच आलें आहे, आणि सरकीची पेंड गोठ्यांत. तेलांत प्रथिनाचा अंश नाममात्रच उरतो, हें खरें. परंतु सुरक्षिततेचा विचार करावयाचा तर तो अशाच तपशिलानें केला पाहिजे, नुसत्या नांवाच्या भीतीनें नव्हे. विलंबाची किंमत कोणी ना कोणी देतच असतो. वांग्याच्या शेतांत ती पाठीवर पंप घेऊन फवारणारा मजूर देतो, आणि फवारलेलें वांगें बाजारांतून आणणारें कुटुंबही देतें.

उत्तरपत्रिकेंत ‘ठाऊक नाहीं’ असें प्रामाणिकपणें लिहिणाऱ्या विद्यार्थ्याविषयीं मला आदर वाटतो. मात्र वर्ष संपल्यावर त्यानें पुन्हां तेंच लिहिलें, तर त्यास प्रामाणिकपणा न म्हणतां आळस म्हणावें लागतें. २०१० सालीं संशय घेणें हें शहाणपण होतें. तो संशय न फेडतां तसाच जपून ठेवणें, हें शहाणपण नव्हे.