फिलोज घराणें आणि कॉम्प्टनचा ग्रंथ

शिंद्यांच्या पदरच्या फिरंगी सरदारांचा विषय निघाला कीं हर्बर्ट कॉम्प्टन यांचा १८९२ सालचा इंग्रजी ग्रंथ अद्यापि पुढें केला जातो. द बॉइन, जॉर्ज टॉमस व पेरों यांचीं चरित्रें त्यांत विस्तारानें आलीं असून तीं वाचनीय आहेत. मायकेल फिलोज या नेपल्सकराची बोळवण मात्र परिशिष्टांतील त्रोटक टिपणावर झाली आहे. आमचा आक्षेप येथेंच आहे.

३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना फडणीस दौलतरावांच्या भेटीस गेले ते याच गृहस्थाच्या वचनावर विसंबून. आणि त्यांस कैद केलें तेंही यानेंच. या विश्वासघाताचा बोभाटा फिलोजच्या नांवावर झाला, व तो हलक्या कुळांतला म्हणून वाचकांसही तें पटतें. हा न्याय अपुरा आहे. व्याकरणांत करणारा निराळा, करविणारा निराळा. बेत दौलतराव व सर्जेराव घाटगे यांचा. नाना नगरच्या किल्ल्यांत पडले त्याचें प्रयोजकत्व पलटणीच्या नोकराकडे जात नाहीं. वचन मात्र त्याचें स्वतःचें होतें, आणि तें मोडल्याचा दोष कोणत्याही हुकुमानें धुतला जात नाहीं. या दोन दोषांची गल्लत केली कीं धनी सहज सुटतो.

दुसरें असें कीं, ग्रंथाची मर्यादाच १८०३ ची. घराण्याचा खरा उदय त्यानंतरचा. त्या सालच्या युद्धांत पुष्कळ युरोपीय अंमलदार शिंद्यांस सोडून गेले. मायकेलचा पुत्र जाँ बाप्तिस्त राहिला. १८०८ त त्यास श्योपूर जहागीर मिळालें, १८११ त त्यानें चंदेरी घेतली. १८१४ त राघोगडच्या जयसिंग खीचीनें श्योपुरावर अकस्मात् घाला घालून त्याचीं बायकामुलें धरलीं! ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा (१८७४) बांधणारे सर मायकेल फिलोज याच घराण्यांतले. एवढी कथा गाळून घराण्याची पारख कशी व्हावी?

हें काम आतां कागदांवरूनच व्हावयाचें. जिवबादादा बक्षी पेडणें महालांतील केरीचे. वाडीच्या खेम सावंतांची राणी लक्ष्मीबाई शिंद्यांची कन्या. तेव्हां तळेरें, वाडी, पेडणें या पट्ट्यांतील जुन्या दप्तरांत शिंदेशाही पत्रें निघणें अगदीं संभवनीय आहे. मोडी लेखक परकी नांवें कानावर पडतील तशीं उतरीत; म्हणून संग्राहकांनीं नुसत्या आडनांवावर न विसंबतां पलटणी, मुक्काम व मिती यांवरून फिलोजचे उल्लेख ताडून पाहावे व नकला मंडळाकडे धाडाव्या.