मेंदूच्या इजेनंतरचे पुनर्वसन आणि ‘मिश्र वास्तव’ : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक चिकित्सा

‘मिश्र वास्तव’ ही संकल्पना पॉल मिलग्रॅम व फुमियो किशिनो यांनी १९९४ साली मांडली. एका टोकास प्रत्यक्ष परिसर, दुसऱ्या टोकास पूर्णतः कल्पित परिसर आणि या दोहोंमधील सर्व मिश्रणे ती मिश्र वास्तव, असे तिचे स्वरूप आहे. अपघाताने वा पक्षाघाताने मेंदूस इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी या तंत्राचा आज आग्रहाने पुरस्कार होतो. पारदर्शक चष्म्यातून रुग्णाला समोरचे खरे मेज दिसते आणि त्यावर ठेवलेली एक कल्पित वस्तूही दिसते. दुबळ्या हाताने ती पुनःपुन्हा उचलावयाची, हे या उपचाराचे सार होय.

यामागील तत्त्व सयुक्तिक आहे. मेंदूचा काही भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागांत नवे संबंध जुळू शकतात. मात्र त्यासाठी हेतुपूर्ण कृतीची विपुल आवृत्ती लागते. नीरस व्यायामाला कंटाळणारा रुग्ण खेळात रमतो, हा पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद. पुरावा मात्र याहून संयत आहे. केट लेव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली कॉक्रेन संस्थेसाठी पक्षाघातानंतरच्या आभासी वास्तवोपचाराचा परामर्श घेतला. त्यात ७२ चाचण्या व २,४७० रुग्ण होते. रूढ उपचाराऐवजी हे तंत्र वापरल्याने हाताच्या कार्यक्षमतेत अधिक सुधारणा आढळली नाही; रूढ उपचाराच्या जोडीला दिले असता लाभ दिसला. हा लाभ तंत्राचा की केवळ वाढलेल्या सरावाचा, हा प्रश्न उरतोच.

याहून मूलगामी प्रश्न असा, की चष्म्यात साधलेले कौशल्य घरच्या कामात उतरते काय? पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांच्या कसोटीवर तो लावून पाहावा. आभासी परिसर म्हणून बहुधा ओट्याचे स्वयंपाकघर किंवा मोठे दुकान योजलेले असते. येथील शेतकरी वा मजूर कुटुंबाला भाताची लावणी करावयाची असते, लाकूडफाटा वाहावयाचा असतो, चिकूच्या बागेत राबावयाचे असते. चिखलात वाकून तोल सांभाळण्याची शक्ती मेजावरचा कल्पित ठोकळा उचलून येत नाही. शिवाय वारली बोलणाऱ्या रुग्णास परक्या भाषेत सूचना मिळाल्यास, त्याची चूक इजेमुळे झाली की अर्थ न कळल्यामुळे, हे ठरविणे कठीण होते.

या उणिवेवरील उपायाची दिशा याच प्रदेशात सापडते. लग्नप्रसंगी वारली सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रशैली कागदावर व कापडावर आणून जगापुढे ठेवली. बांबूची काडी चिमटीत धरणे, उचललेला हात स्थिर ठेवणे, दोन त्रिकोणांची टोके जुळविणे या क्रिया व्यवसायोपचारास अभिप्रेत असलेल्याच आहेत. इजेमुळे ज्याला डाव्या बाजूचे भान उरत नाही, त्याच्याकडून घड्याळ काढवून घेण्याची परीक्षा रूढ आहे. परंतु ती घड्याळाचा परिचय गृहीत धरते. तारपावादकाभोवतीचे नर्तकांचे वर्तुळ येथे अधिक ओळखीचे ठरेल. चष्म्याने भिंतीवर केवळ मार्गदर्शक ठिपके दाखवावेत. भिंत आणि काडी खरीच असावीत. तंत्रातील ‘मिश्र’ या विशेषणास तेव्हाच अर्थ येईल. अर्थात लग्नचौक हा विधी आहे. समाजाच्या संमतीवाचून त्याचा व्यायाम करणे अनुचित ठरेल. प्रत्येक वारली माणूस चित्रकार असतो, असे मानणेही भाबडेपणाचे होय.

शेवटचा मुद्दा साधनाच्या आयुष्याचा. मायक्रोसॉफ्टने ‘होलोलेन्स २’ या चष्म्याचे उत्पादन २०२४ साली थांबविले. पुनर्वसन मात्र वर्षानुवर्षे चालते. म्हणून उपचाराची रचना यंत्रावरून न करता रुग्णाच्या कामावरून करावी. यंत्र नाहीसे झाले तरी जो सराव घरी चालू राहील, तोच खरा उपचार मानला पाहिजे.